शंभर रुपयांचे येन

आमच्या घरातलं कोणी जपानला गेलं नव्हतं, कोणी जपानी माणूस समोरासमोर पाहिला नव्हता, आणि तरी सलग दोन वर्षं रोज सकाळी आमच्याकडे पहिली चौकशी व्हायची ती जपानच्या पैशाची. घणसोली गावातल्या भाड्याच्या दोन खोल्या, नळाला पाणी आलंय की नाही पत्ता नाही, रॉकेल संपत आलंय, मला वाशीच्या शाळेसाठी बस गाठायचीय, आणि नवरा पेपर मांडीवर पसरून विचारतोय, "काल काय होता गं येन?" जसा काही येन माझ्या माहेरचा! अजूनही बातम्यांत तो शब्द आला की माझं डोकं उठतं आणि मी टीव्हीचा आवाज बंद करते.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. नवरा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल फॅक्टरीत क्लार्क, मी वाशीला गणित शिकवत होते, आणि आमच्यासोबत सासूबाई. न्यू बॉम्बेत तेव्हा जिकडे तिकडे सेक्टर पडत होते, नवे ब्लॉक उठत होते. आम्हीही एका ब्लॉकसाठी अर्ज भरून ठेवला होता. नंबर लागला की पत्र येणार, पत्र आलं की महिन्याभरात पहिला हप्ता भरायचा, नाही भरला तर नंबर मागच्या माणसाला. आणि हप्त्याचे पैसे आमच्याकडे होते. म्हणजे सासूबाईंचे होते.

कोकणातल्या घरातला आपला हिस्सा त्यांनी स्वतःच्या धाकट्या दिरांच्या नावे करून दिला होता. सगळाच्या सगळा. पडवीलगतची एक खोली तरी ठेवा, असं गावच्या माणसांनी सांगितलं, मीही सांगितलं. त्या म्हणाल्या, "एक पाय तिथे नि एक पाय इथे, असलं नको मला. राहीन तर मुलाकडे राहीन. पण मुलाच्या घरात, भाड्याच्या नाही." दिरांकडून आलेले पैसे त्यांनी माझ्यासमोर नवऱ्याच्या हातात ठेवले आणि एवढंच बोलल्या, "ह्याच्या भिंती कर. दुसरं काही करू नको."

दुसरं काही कसं झालं ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं, कारण हा रोग नवऱ्याला आधीच जडला होता.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी सरकारने परदेशी कंपन्यांना बजावलं, इथे धंदा करायचा तर तुमचा वाटा कमी करा, शेअर इथल्या लोकांना विका. कंपन्यांनी निमूटपणे विकले. भाव सरकारच्या नजरेखाली ठरलेला, त्यामुळे जवळजवळ फुकटच. मग काय विचारता! फॅक्टरीच्या कँटीनमध्ये जेवणाचे डबे बाजूला आणि अर्ज पुढ्यात. स्वतःच्या नावे एक, बायकोच्या नावे एक, आईच्या नावे एक; एका गृहस्थाने तर पाळण्यातल्या मुलीच्या नावेही भरला होता. सोडत निघायची. आम्हाला एका परदेशी औषध कंपनीचे पन्नास शेअर लागले आणि बघता बघता भाव दुपटीच्या वर गेला. ते विकून लोखंडी कपाट आणलं. आता मला सांगा, यात नवऱ्याचं कर्तृत्व काय? कायदा सरकारचा, कंपनी गोऱ्यांची, सोडत नशिबाची. पण हा माणूस त्या कपाटाला पाठ टेकून असा उभा राहायचा, की कपाट यानेच ठोकून ठोकून बनवलंय. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एक खूळ पक्कं बसलं. परदेशी माणूस जिथे पैसा घालतो तिथे आपण घालायचा. तो काय वेडा आहे?

मग जपान्यांचं पेव फुटलं. ज्याला बघावं त्याला जपानी भागीदार. स्कूटरवाल्याला जपानी, मोटरसायकलवाल्याला जपानी, छोटे ट्रक बनवणाऱ्यालाही जपानी. नवऱ्याने हेरली ती एक छोट्या ट्रकांची कंपनी. "अगं, जपानी माणूस स्वतःचा पैसा घालून बसलाय तिथे. तो बुडू देईल का?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. सोडतीत आम्हाला काही लागलं नाही. तेव्हा गप्प बसावं की नाही? नाही. बाजारातून घ्यायचे, चढ्या भावाने घ्यायचे, आणि घराच्या पैशाने घ्यायचे.

"नंबर लागायला अजून दोन-तीन वर्षं आहेत," नवरा म्हणाला. "तोवर ते बँकेत काय व्यायला ठेवायचे? वाढले की एक खोली जास्तीची घेऊ. आईला स्वतंत्र खोली."

मी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा "आईला स्वतंत्र खोली" ऐकलं आणि गप्प बसले. कशाला खोटं बोलू? सासूबाई काही वाईट नव्हत्या, पण दोन खोल्यांत तीन माणसं, मधे एक पडदा, आणि माझ्या प्रत्येक फोडणीवर त्यांचं मत. स्वतंत्र खोलीची हाव त्यांच्यापेक्षा मलाच जास्त होती.

शेअर घेतले सासूबाईंच्या नावे. पैसे त्यांचे म्हणून नावही त्यांचं, हा आमच्या नवऱ्याचा प्रामाणिकपणा! कागद त्यांच्यापुढे सरकवले आणि म्हणाला, "आई, घराच्या कामाचे कागद आहेत, सही कर." मी तिथेच लसूण सोलत बसले होते. तोंड उघडलं नाही. त्यांनी चष्मा लावला, सावकाश एकेक अक्षर काढत नाव लिहिलं आणि विचारलं, "झालं ना रे काम?" नवरा म्हणाला, "होतंय, होतंय."

आता येन. या ट्रकांचं इंजिन आणि बरेचसे सुटे भाग पेट्यांतून जपानहून यायचे आणि इथे जोडले जायचे. त्यांचे पैसे येनमध्ये मोजायचे. येन स्वस्त झाला तर पेट्या स्वस्त आणि कंपनीला नफा. येन महागला तर कंपनीचं कंबरडं मोडलं. हे मला नवऱ्यानेच समजावलं आणि अगदी बरोबर समजावलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. "एकच गोष्ट नजरेखाली ठेवायची," तो म्हणाला, "येन." त्यासाठी घरात इंग्रजी पेपर सुरू झाला. सासूबाईंना वाचता येत नाही, मला वेळ नाही, पण येनसाठी पेपर! आतल्या पानावर कोपऱ्यात बारीक टायपात परकीय चलनांचे दर यायचे. नवरा पेपराची चौघडी घालायचा, बोटाने ओळ धरायचा आणि येनचा आकडा मोठ्याने वाचायचा. त्या चौघडीत रकान्याचं डोकं नेमकं मागच्या बाजूला जायचं. पण आकडा दिसल्यावर डोकं कोण बघतो?

आणि मी काय केलं? मी शाळेतून त्याला आलेखाचा कागद आणून दिला. नुसता दिला नाही, अक्षही आखून दिले. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर येन, माझ्या सुबक अक्षरात. कशाचे येन, किती पैशांचे येन, हे विचारायचं मला सुचलंही नाही. सातवीच्या पोरांनी अक्षावर एकक लिहिलं नाही तर मी अर्धा गुण कापायचे.

तो कागद भिंतीवर लागला. सुरुवातीला आकडा दोन हजारांच्या आसपास होता. मग अठराशे झाला, मग सोळाशे. रेघ खाली खाली उतरत चालली आणि नवऱ्याची छाती वर वर. "बघ, येन कोसळतोय! पेट्या स्वस्त होणार! मी म्हटलं नव्हतं?" आधी तर शेअरचा भावही चढला, त्यामुळे माझं तोंड बंदच झालं. त्या सुमाराला सगळाच बाजार चढत होता. परदेशात गेलेले आपले लोक पैसा पाठवतायत, आणखी पैसा येतोय, अशी आवई रोज उठायची. "बाहेरचा पैसा येतोय" एवढं कोणी म्हटलं की लोक काहीही विकत घ्यायचे. फॅक्टरीच्या गेटवर बस येईपर्यंत हाच विषय. आमच्याकडे तर बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी अशी गत. जास्तीच्या खोलीची खिडकी खाडीकडे हवी की रस्त्याकडे, यावरून आम्ही दोघं अख्खा रविवार भांडलो. खोलीचा पत्ता नाही, ब्लॉकचा पत्ता नाही, आणि मी म्हणतेय, खाडीकडून वास येतो!

घरमालकीण पुढच्या अंगणात बसून आमचं ऐकायची. गावचीच बाई, शेतजमीन नव्या शहरासाठी सरकारने घेतली, मोबदला आला, तो तिने सगळा सोन्यात घातला. एकदा मला पाणी भरताना म्हणाली, "बाय, तुजा घरवाला रोज त्या पेपरान काय बगतं गो?" मी म्हटलं, शेअर घेतलेत, त्याचे भाव बघतात. "आमी सोनं केलं," ती म्हणाली, आणि दोन्ही हात पुढे करून पाटल्या वाजवून दाखवल्या. "हातान हाय, डोल्यांना दिसतं. तुमचा कागद काय हातान घालनार?" मी हसले. गणित शिकवणारी बाई मी, हिला काय कळतं बाजारातलं, असं मनात म्हटलं. शिकलेल्या माणसाचा माज असतो तो असा.

पुढे भाव घसरायला लागला. थोडा, मग बराच. भिंतीवरची रेघ म्हणत होती येन पडतोय, म्हणजे कंपनीची चांदी. आणि बाजार म्हणत होता कंपनीचे हाल आहेत. दोघांपैकी एक चुकत होतं. "बाजाराला अक्कल नाही," नवऱ्याने निकाल दिला. उंटावरचा शहाणा! एवढा मोठा बाजार, हजारो माणसं, रोज पोटासाठी तेच करणारी, त्यांना अक्कल नाही. आणि अक्कल कोणाला, तर घणसोलीच्या दोन खोल्यांत आलेखाच्या कागदावर ठिपके देणाऱ्याला. मी चिडायचे, आदळआपट करायचे, पण भिंतीजवळ जाऊन तो कागद नीट बघायचे कष्ट मात्र घेतले नाहीत.

मग एक दिवस शाळेत स्टाफरूममध्ये डबा खात होतो. एका बाईंच्या भावाने अमेरिकेहून पैसे पाठवले होते. त्या सांगत होत्या, डॉलरला तेरा रुपयांच्या जवळपास मिळाले. मी पोळी गुंडाळून आणली होती ती आदल्या दिवशीच्या इंग्रजी पेपरात. तेल लागून पारदर्शक झालेला तो कागद समोर होता आणि नेमकं ते दरांचं पान. येनच्या वर डॉलर होता. त्याच्यापुढे आकडा: सात आणि पुढे काहीतरी.

मी म्हटलं, "सात रुपये डॉलर कधी झाला?"

"सात कुठला, तेरा," त्या म्हणाल्या.

कागद उलगडला. रकान्याच्या डोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की हे आकडे शंभर रुपयांमागे आहेत. शंभर रुपये दिले की किती डॉलर मिळतात, किती पौंड मिळतात, किती येन मिळतात. शंभर भागिले तेरा, सात आणि वर थोडे. मी डबा तसाच झाकला.

पुढचा तास सातवीचा होता आणि धडा व्यस्त प्रमाणाचा. हे मी रचून सांगत नाहीये. रचायचं असतं तर काही बरं रचलं असतं. पोरं एका सुरात म्हणत होती, मजूर वाढले की दिवस कमी, मजूर कमी झाले की दिवस जास्त. आणि मी फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहीत होते. शंभर रुपयांत आधी दोन हजार येन यायचे. आता चौदाशेसुद्धा येत नाहीत. म्हणजे येन पडला कुठे? येन वर गेला, धडाधड वर गेला, आणि आपला रुपया खाली. रेघ जितकी खाली तितका येन महाग. पेट्या महाग, ट्रक महाग, नफा साफ. म्हणजे दोन वर्षं भिंतीवरचा तो कागद रोज ओरडून सांगत होता, विका, विका. आणि आम्ही त्याच्याकडे बघून चहा पीत होतो. एका मुलीने विचारलं, "बाई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, उदाहरणं सोडवा, आणि खुर्चीत बसून राहिले.

संध्याकाळी नवरा फॅक्टरीतून आला. मी कागद भिंतीवरून काढला, उलटा केला, त्याच्यासमोर धरला आणि म्हटलं, "आता वाचा."

त्याला आधी कळेना. मग तेलकट पान दाखवलं, डॉलर दाखवला, शंभराला तेराने भागून दाखवलं. नवऱ्याचा चेहरा उतरला. तो मोरीत गेला, हातपाय धुतले, बराच वेळ धुतले. सासूबाई शेजारी भजनाला गेल्या होत्या, म्हणून निदान मोठ्याने बोलता येत होतं. मी वाट बघत होते, की आता हा माणूस म्हणेल, चुकलो, उद्याच विकू. तेव्हा भाव अर्ध्यावर आला होता, पण अर्धे तरी हाती आले असते.

तो टॉवेलने तोंड पुसत बाहेर आला. "म्हणजे येन मजबूत झालाय," म्हणाला.

"हो ना, कपाळ माझं! तेच तर सांगतेय."

"म्हणजे जपान्याने एक येन काढला की त्याला पूर्वीपेक्षा जास्त रुपये मिळणार. बरोबर? म्हणजे इथलं सगळं त्याला स्वस्त. मग तो इथे आणखी पैसा घालणार की नाही? घालणारच! भागीदार आहे तो. त्याने वाटा वाढवला की शेअर वर. आत्ता विकणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा."

मी हात टेकले. येन पडला तरी शेअर ठेवा, येन चढला तरी शेअर ठेवा! अशा माणसाशी बोलायचं तरी काय? आणि खरा संताप याचा, की बोलणं अगदीच वेडगळ नव्हतं. पुढे मी थोडंफार वाचलं तेव्हा कळलं, असं होतं. ज्याचा पैसा वजनदार होतो तो दुसऱ्याच्या देशात जाऊन स्वस्तात खरेदी करतो आणि तिथला बाजार उचलतो. जपान्यांनी तेव्हा जगभर तेच केलं. फक्त आपल्याकडे त्यांना दारच उघडं नव्हतं. परदेशी माणसाने वाटा एवढाच ठेवायचा, याहून जास्त नाही, हा कायदा होता. ज्या कायद्याने आम्हाला कपाट दिलं त्याच कायद्याने जपान्याला अडवलं होतं, आणि हे नवऱ्याला पाठ असायला हवं होतं, कारण कपाटाची कथा तो पाहुण्यांना सांगायचा तेव्हा सुरुवात त्या कायद्यापासूनच करायचा!

पण त्या संध्याकाळी हे मला माहीत नव्हतं. "दिवाळीपर्यंत थांबू," तो म्हणाला, आणि मी "बघा काय ते" म्हटलं. अर्ध्यावर विकायचं म्हणजे घर गेलं, हे तोंडाने म्हणायची माझीही छाती नव्हती. दिवाळी आली, गेली. जपानी पैसा आला नाही. कंपनीने ट्रकची किंमत वाढवली, लोकांनी ट्रक घेणं कमी केलं, भाव आणखी उतरला. नवऱ्याने इंग्रजी पेपर बंद केला.

फेब्रुवारीत पत्र आलं. नंबर लागला होता.

सासूबाईंनी पत्राला हळदकुंकू लावलं, देवापुढे ठेवलं, घरमालकिणीच्या हातावर साखर ठेवली. "कितवा मजला?" पन्नासदा विचारलं. दुसरा, म्हटलं. रविवारी त्यांनी हट्टच धरला, मला जागा दाखवा. आम्ही गेलो. इमारत उभी होती, आतून गिलावा व्हायचा होता, जिन्याला कठडा नव्हता. सासूबाई एका हाताने भिंत धरत दोन मजले चढल्या. आत शिरल्यावर त्यांनी कोणालाही न विचारता देवाचा कोपरा ठरवला, मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "इथे ओटा. तुला उजेड पुरेल." माझ्या ओट्याचा विचार त्या करत होत्या. विटांवरून त्यांनी तळहात फिरवला, हाताला सिमेंट लागलं, ते पदराला पुसलं. नवरा बाहेर जिन्यात उभा राहून सिगरेट ओढत होता. आयुष्यात कधी ओढली नव्हती. गवंड्याकडून मागून घेतली. मला त्याला तिथून ढकलून द्यावंसं वाटलं, आणि मग रडू आलं.

महिना हातात होता. नवऱ्याने पीएफमधून निघतील तेवढे काढले, मी माझ्या पाटल्या विकल्या. कार्यालयात जाऊन मुदत मागितली, साहेब सभ्य माणूस होता, म्हणाला, "तुमच्या मागे शंभर जण उभे आहेत, मी काय करू?" तोही बरोबरच. राहिले शेअर. दलालाने भाव सांगितला तो घेतल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. ते धरून सगळं मिळूनही हप्ता पुरा होत नव्हता, पण पाण्यात गेलेल्यातून जे हाताला लागेल ते काढायचं होतं. आणि विकायचे तर कागदावर सही सासूबाईंची लागणार. शेअर त्यांच्या नावावर होते ना. नवऱ्याचा प्रामाणिकपणा!

दुपारची वेळ. त्या तांदूळ निवडत होत्या. नवऱ्याने कागद पुढे ठेवला.

"आई, एक सही हवी होती."

"घराच्या कामाची?" त्यांनी चष्मा शोधायला हात मागे नेला.

नवरा खिडकीबाहेर बघायला लागला.  मग मीच सांगितलं. पैसे कशात घातले, सही कशावर घेतली, जपानी, पेट्या, रेघ, सगळं. त्या तांदळातला हात न काढता ऐकत होत्या. मधे एकदाही "अगं बाई" म्हटलं नाही.

"तो भिंतीवर कागद होता, तोच का हा येन?"

"हो."

"तो वर जात होता नि तुम्हाला वाटलं खाली जातोय."

"हो."

"तू शिकवतेस ना गो हे पोरांना?"

मी मान हलवली. म्हटलं, "मी विचारलंच नाही, आई. कशाचा आकडा आहे ते विचारलंच नाही. आणि सही घेतली तेव्हाही मी इथेच होते. मला सगळं माहीत होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चष्मा लावला, सावकाश एकेक अक्षर काढत सही केली, कागद परत सरकवला. मग उठल्या. खाटेखालून कापडी पिशवी ओढली, दोन लुगडी घडी करून तिच्यात भरली, वर चष्म्याचं घर ठेवलं. आमचं भांडण झालं की त्या असंच करायच्या. एक शब्द न बोलता एसटी धरायच्या, गावी आठ-दहा दिवस राहायच्या आणि राग निवला की ओले काजू घेऊन परत यायच्या. हिस्सा विकल्यापासून आमचं तेवढं मोठं भांडण झालंच नव्हतं, म्हणून गावचं ते घर आता आपलं नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्याही.

वहाणा घालून त्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. पाठमोऱ्याच होत्या. एक हात चौकटीवर.

"आई," नवरा म्हणाला, "कुठे निघालीस?"

 अंगणात घरमालकीण मासे सुकत घालत होती, तिच्याकडे बघत त्या उभ्या राहिल्या. मग वळल्या आणि त्याला नाही, मला म्हणाल्या, "मी कुठे जायचं गो आता?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी काही बोलायच्या आत त्या उंबरठ्यावरच खाली बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. मी जवळ गेले आणि पिशवी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिली नाही.